लाकडात लहान मुलं कोरताना: पहिल्या वुडकटसाठी पायरीपायरीने

वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून कागदावर घेतलेला ठसा, शिकायला बसलेल्या माणसाला सहसा पान, मासा किंवा घर असा सोपा विषय दिला जातो. मी मात्र पहिल्याच ठशासाठी लहान मुलं हा विषय सुचवते. जिथे कापलं तिथे पांढरं, जिथे ठेवलं तिथे काळं, एवढं एकच तत्त्व या कामात हाडीमासी मुरावं लागतं, आणि ते मुलांच्या चेहऱ्यावर चटकन कळतं. माशाला दोन खवले जास्त झाले तर काही बिघडत नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर एक काळी रेघ जास्त राहिली, की ती साठीची दिसायला लागते.

सोबत एक गुरू घेऊ. जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झ यांचा 'माता' हा ठसा. एक्सप्रेशनिस्ट, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनाला जाणवतं ते काढणाऱ्या चित्रकारांच्या काळातल्या लाकूडठशांमध्ये मुलांना असं राखून ठेवणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

आधी नुसतं बघा

हत्यार हातात घेण्याआधी दोन संध्याकाळ फक्त बघण्यात घालवा. कोलवित्झ १९४५ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांच्या चित्रांचे हक्क आता खुले आहेत आणि मोठमोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या चांगल्या प्रतिमा मिळतात. कोलोन आणि बर्लिन इथे तर त्यांच्या नावाची स्वतंत्र संग्रहालयंच आहेत. 'माता'ची प्रतिमा उतरवून घ्या आणि मूळ आकारात, म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. मोबाइलच्या पडद्यावर वुडकट कळत नाही. तिथे कोरणीचा फटका किती रुंद होता तेच दिसत नाही.

चित्रात बायकांचा एक घोळका आहे. एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या, की एकीचं अंग कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. त्यांचे हात अंगाच्या मानाने मोठे आहेत. त्या हातांच्या आडून मुलं डोकावतात.

या चित्रामागचं दुःख ठाऊक असलं, तर कोरताना हात कुठे थांबवायचा ते समजतं. कोलवित्झ यांचे पती कार्ल बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होते. उपाशी, आजारी मुलं आणि त्यांच्या आया हे त्या घराचं रोजचं दृश्य होतं. धाकटा मुलगा पेटर पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर स्वयंसैनिक म्हणून गेला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. तो अठरा वर्षांचा होता. सज्ञान नसल्यामुळे त्याला वडिलांची परवानगी लागणार होती, आणि ती मिळवून द्यायला आईनेच शब्द टाकला होता. हे शल्य कोलवित्झ यांना आयुष्यभर बोचत राहिलं. युद्धाचा विषय त्यांनी आधी धातूच्या पत्र्यावर आणि दगडावर करून पाहिला. १९१९ मध्ये 'माता' याच विषयाची शिळाछाप (दगडावर काढून छापलेलं चित्र, लिथोग्राफ) केली, पण समाधान होईना. मग १९२० मध्ये एका प्रदर्शनात जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाख यांचे वुडकट त्यांच्या पाहण्यात आले, आणि पन्नाशी ओलांडलेली ही जगप्रसिद्ध चित्रकर्ती एका नव्या माध्यमाला नवशिक्यासारखी भिडली. त्यातून सात लाकूडठशांची 'युद्ध' ही मालिका झाली. 'माता' त्यातला सहावा.

जमलं तर १९१९ ची शिळाछापही शेजारी ठेवा. तिथे प्रत्येक आई वेगळी ओळखू येते. लाकडात आल्यावर त्या सगळ्यांचा मिळून एकच काळा ठोकळा झाला. मुलांच्या भोवती भिंत उभी राहिली ती या निर्णयामुळे.

आता डोळे किलकिले करून बघा. पांढरं कुठे कुठे आहे? चेहऱ्यांवर, हातांवर आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत. कपड्यांवर जवळजवळ नाहीच. पातळ कागद वर ठेवून फक्त पांढऱ्या जागा पेन्सिलीने गिरवा. बाह्यरेषा अजिबात काढू नका. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, कारण पुढचं निम्मं काम इथेच होतं.

एक्सप्रेशनिझमविषयी इथे एवढंच पुरे: १९०५ मध्ये ड्रेस्डेनला 'डी ब्रुके' हा तरुण चित्रकारांचा गट जमला. किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ ही त्यातली नावं. त्यांनी वुडकटमधला गुळगुळीतपणा टाकून दिला. कोरणीच्या खुणा, लाकडाची खरबरीत पोत, धारदार कोन हे सगळं त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं. कोलवित्झ या गटात कधीच नव्हत्या. तरी माझं मत असं, की नवशिक्याने आधी कोलवित्झ बघाव्यात आणि मग ब्रुके. किर्शनरचे कोन उचलून नुसती शैली करता येते. कोलवित्झ यांच्या फटक्यामागे माणूस असतो, त्यामुळे तो कारणाशिवाय उचलता येत नाही.

रेखाटन काळ्या कागदावर

पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढून ते लाकडावर उतरवायचं, ही नवशिक्यांची नेहमीची पद्धत. ती टाळा. पेन्सिल काळी रेघ काढते आणि कोरणी पांढरी, त्यामुळे लाकडासमोर बसल्यावर प्रत्येक रेघ डोक्यात उलटी करावी लागते आणि गोंधळ उडतो. त्यापेक्षा काळा कागद आणि पांढरा खडू घ्या. खडूचा फटका म्हणजेच उद्याचा कोरणीचा फटका.

विषय घरचाच निवडा. ताईच्या कडेवर बसलेलं धाकटं भावंड, नाहीतर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली दोन पोरं. दोन चेहरे आणि निदान एक हात, एवढं पहिल्या ठशाला भरपूर आहे. फोटो काढत असाल तर दुपारी खिडकीजवळ काढा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. मुलं शेजारची किंवा अनोळखी असतील तर आईवडिलांना आधी विचारा.

मुलांना "हसा" म्हणू नका. दात कोरणं अवघड असतं हे झालंच, पण हसल्याने गालावर आणि डोळ्यांच्या कडेला ज्या घड्या पडतात त्या ठशात सुरकुत्यांसारख्या उतरतात. टीव्हीकडे टक लावून बसलेलं पोर याला उत्तम.

ताईचं अंग आणि धाकट्याचं अंग यांच्यामध्ये रेघ काढायचा मोह होईल. काढू नका. दोघांचे कपडे एकाच काळ्यात मिसळू द्या. उजेड फक्त दोन चेहऱ्यांवर आणि धाकट्याच्या पाठीवर पसरलेल्या ताईच्या पंजावर असू द्या. तो पंजा आहे त्यापेक्षा थोडा मोठा काढा. धरून ठेवणारा हात डोळ्यांना जेवढा दिसतो त्याहून मोठा जाणवतो, आणि जे जाणवतं ते काढायला हे माध्यम परवानगी देतं.

ठसा उलटा उमटतो हे लक्षात असू द्या. ट्रेसिंग पेपर पालथा घालून चित्र लाकडावर घ्या. टी-शर्टवर अक्षरं असतील तर सरळ गाळा.

लाकूड

प्लायवूडच्या दुकानात कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. सहा मिलिमीटर जाडीचा, साधारण २० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. वरचा थर अखंड आणि गुळगुळीत हवा. नखाने दाबून बघा. किंचित खूण उमटली तर कोरायला ठीक, अजिबात उमटली नाही तर मनगट दुखेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, घेऊ नका. त्यात तंतूंची दिशाच नसते, आणि मग वुडकट करण्यातली निम्मी गंमत जाते. त्याची धूळही फुप्फुसांना वाईट.

लिनोलियम, म्हणजे जमिनीवर घालायचं मऊ आवरण, कोरूनही ठसे (लिनोकट) करतात. त्यालाही तंतूंची दिशा नसते, पण त्याचा गुण वेगळा. तिथे रेघ हवी तशी वळते. याचं सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतच घडलं. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद पुढे अंधेरीत राहायला आले. तिथे राहून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी राबणाऱ्या मुलांवर लिनोकटची एक मालिका केली. त्या मुलांच्या हातापायांची वळणं बघा आणि मग कोलवित्झ यांचे तुटक, अडखळणारे फटके बघा. दोघांचीही माया तेवढीच खरी, पण लिनो रेघेला वाहू देतं आणि लाकूड तिला अडवतं. ती अडवणूक आपल्याला हवी आहे.

फळी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने हलकेच घासा आणि त्यावर पातळ केलेल्या काळ्या शाईचा एक हात द्या. वाळली की खडूचं चित्र तिच्यावर उतरवा. आता काळ्या फळीवर कापलेलं लाकूड फिकट दिसेल, म्हणजे छापायच्या आधीच ठशाचा अंदाज येत राहील. तंतू उभे ठेवायचे की आडवे, तेही आत्ताच ठरवा. तंतूंच्या दिशेने कोरलं तर कड स्वच्छ येते, आडवं कोरलं तर फाटकी. उभ्या माणसांच्या चित्राला मी तंतू उभे ठेवते.

हत्यारं आणि बोटं

सुरुवातीला तीन पुरतात: बारीक व्ही कोरणी, तीन-चार मिलिमीटरची यू कोरणी आणि मोठ्या जागा साफ करायला एक रुंद यू कोरणी. दहा-बारा हत्यारांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा ही तीन बऱ्या पोलादाची घ्या. सोबत धार लावायला तेलाचा निसणा हवाच. बोथट कोरणी जास्त धोक्याची, कारण ती रेटावी लागते आणि रेटलेलं हत्यार निसटतं. कोरणी तंतूंवर आडवी चालवून बघा. ढलपी सलग वळत निघाली तर धार आहे, लाकूड चुरगळलं तर नाही.

हात कसा कापतो ते सगळ्यांनाच माहीत असतं, तरी बहुतेकांचा डावा हात कापतोच. फळी डाव्या हाताने धरायची आणि त्याच हाताकडे कोरणी चालवायची, ही सवय मोडायला एक साधा जुगाड करा. जाड प्लायच्या पाटाला आपल्याकडच्या कडेला खालून एक पट्टी आणि पलीकडच्या कडेला वरून एक पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते, वरची फळीला अडवते. मग फळी धरावी लागत नाही आणि दोन्ही हात हत्याराच्या मागे राहतात.

कोरणं

चेहऱ्यापासून सुरू करू नका. हात बसेपर्यंत बाहेरची मोकळी जागा कोरा. आकृतीच्या कडेकडेने व्ही कोरणीची एक चर आधी मारून घ्या. रुंद कोरणी आकृतीच्या दिशेने घसरली तर ती त्या चरीत थांबते. मोकळी जागा अगदी गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. तिथे राहिलेल्या बारीक उंचवट्यांना शाई लागते आणि आकृतीभोवती फटक्यांच्या खुणा उमटतात. जुन्या काळचा कारागीर त्या साफ करायचा. एक्सप्रेशनिस्टांनी त्या ठेवल्या, कारण त्यांच्यामुळे आकृतीभोवतीची हवा ताणलेली दिसते. पण खुणांची दिशा ठरलेली असावी. आकृतीकडे येणाऱ्या खुणा मुलांवर चालून आल्यासारख्या वाटतात, आकृतीच्या कडेने जाणाऱ्या खुणा मुलांना गुंडाळतात. तुमच्या चित्राला काय हवं ते तुम्ही ठरवा.

मग हात. बोटांच्या मधल्या काळ्या फटी राखायच्या आणि प्रत्येक बोटाच्या फक्त उजेडाकडच्या कडेवर एकेक फटका. नखं नकोत.

शेवटी चेहरे. इथे घाई करू नका, एका बैठकीत एकच चेहरा घ्या. मुलाचं कपाळ मोठं असतं आणि डोळे चेहऱ्याच्या अर्ध्याच्या थोडे खाली असतात. खडूने डोळे वर चढले असतील तर आत्ताच दुरुस्त करा. तीन-चार मिलिमीटरच्या कोरणीने कपाळावर उजेड उघडा. मग उजेडाकडचा गाल एकाच रुंद, गोलसर तुकड्यात उघडा. नाकाच्या शेंड्यावर एक छोटा फटका. वरच्या ओठावर एक. आणि थांबा. फळी समोर उभी करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि तिथून बघा. चेहरा दिसत असेल तर झालं. डोळ्यांच्या खोबणी तशाच काळ्या राहू द्या. वाटलंच तर एका डोळ्यात व्हीचं टोक नुसतं टेकवून पांढरा ठिपका द्या. दोन्ही डोळ्यांत दिलात तर बाहुली होते.

गालावरून तिरक्या समांतर रेघा ओढून सावली दाखवायचा मोह फार होतो. दोन पांढऱ्या रेघांच्या मध्ये जे काळं उरतं ते मुलाच्या चेहऱ्यावर सुरकुती म्हणून वाचलं जातं. युद्धानंतरच्या बर्लिनमधली मुलं काढताना कोलवित्झ हे जाणून करत होत्या. उपासमारीने मुलांचे चेहरे खरोखरच म्हातारे झाले होते आणि तेच त्यांना सांगायचं होतं. तुमच्या घरचं पोर पोटभर जेवलेलं असेल, तर त्याच्या गालावर त्या रेघा आणू नका. आणि तुम्हाला खरंच भुकेचं चित्र करायचं असेल, तर त्या रेघा तिथे पूर्ण जाणतेपणी आणा.

जास्त कापलं गेलं तर? ढलपी सापडली तर फेविकॉलने जागेवर चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. नाही सापडली तर लाकडाची पुट्टी भरा, वाळल्यावर घासा. पुट्टीची जागा शाई वेगळी धरते, पण चेहरा वाचतो.

शाई न लावता पहिली परीक्षा

फळीवर पातळ कागद ठेवून त्यावर काळा मेणखडू आडवा फिरवा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच. दोन मिनिटांत चित्र कसं उमटेल ते कळतं आणि फळीही स्वच्छ राहते. हे चित्र फळीवर आहे तसंच येतं, छापलेलं त्याच्या उलट, आरशातल्यासारखं येईल, एवढा फरक. मेणखडूचा छाप भिंतीवर लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आणखी कोरायचं असेल तर त्या कागदावर आधी पांढऱ्या रंगाने करून बघा, मग लाकडाला हात लावा.

छपाई

तेलाची ब्लॉक प्रिंटिंग शाई घ्या. ती न मिळाल्यास छापखान्यात वापरतात ती काळी ऑफसेट शाई चालते. कलामहाविद्यालयांत अनेक मुलं तीच वापरतात. पाण्याची शाई धुवायला सोपी, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ती कागद टेकवायच्या आधीच वाळते.

काचेवर चमचाभर शाई घेऊन रबरी रोलरने पसरवा. थर बरोबर झाला की रोलरखालून तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्र आवाज येतो. आवाज चिकट, पचपचीत असेल तर शाई जास्त आहे. फळीवर पातळ थर चार-पाचदा, वेगवेगळ्या दिशांनी द्या. एकाच वेळी जाड थर दिलात तर बारीक फटके बुजतात, आणि बुजतात ते नेमके चेहऱ्यावरचे.

कागद पातळ आणि मजबूत हवा. नेपाळी हातकागद चांगला, राइस पेपरही चालतो. जाड खडबडीत हातकागदाला छपाईयंत्र लागतं, आपण चमच्याने छापणार आहोत. फळी ठेवायच्या जागेभोवती आणि कागदाच्या कोपऱ्यांसाठी टेबलावर पेन्सिलीने खुणा करून ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रतीत समास सारखा येईल. कागद एका कडेने टेकवत सोडा. एकदा टेकला की हलवायचा नाही.

कागदावर बटर पेपरचा तुकडा ठेवा आणि लाकडी डावाच्या किंवा स्टीलच्या मोठ्या चमच्याच्या पाठीने मधून बाहेरच्या दिशेला, छोट्या गोलांत घासा. मोठ्या काळ्या भागावर जोर द्या. चेहऱ्यावर हलका हात ठेवा, नाहीतर कागद खळग्यांत उतरतो आणि गालावर डाग पडतो. एक कोपरा उचलून बघा. फिकट दिसलं तर पुन्हा टेकवून तेवढंच घासा. मग सावकाश सोलून काढा.

पहिली प्रत जवळजवळ नेहमीच फिकट येते, कारण कोरडं लाकूड शाई पितं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत काळं भरतं. तिथून पुढेही काळ्यात पांढरे कण राहत असतील तर शाई किंवा जोर कमी पडतोय. कडा फुगीर, तेलकट दिसत असतील तर शाई जास्त आहे. फळीवर रद्दी कागद दाबून ती उतरवा. कड दुहेरी आली तर घासताना कागद सरकला. मोकळ्या जागेतल्या खुणा फार गर्दी करत असतील तर फळी पुसून त्या थोड्या कापा, पण निम्म्या ठेवून पुन्हा एक प्रत काढून बघा.

काळा सपाट भाग नीट भरला, की त्यात लाकडाचे तंतू फिकट रेघांनी दिसतात. ते दोष म्हणून झाकायला जाऊ नका. ताईच्या काळ्या फ्रॉकमधून उभे तंतू जाताना दिसले, तर प्लायचा तुकडा नीट निवडला होता असं समजा.

नंतरचं काम

प्रती दोरीवर चिमट्यांनी टांगा. कोरड्या हवेत तेलाची शाई दोन-चार दिवसांत वाळते, पावसाळ्यात आठवडाही लागतो. काच आणि रोलर आधी गोडेतेलाने पुसा, मग साबणाने धुवा. रॉकेल वापरलंत तर खिडक्या उघड्या ठेवा. फळीला पाणी लावू नका, प्लाय फुगतो. रद्दी कागदावर दोन-तीनदा छापून शाई उतरवा आणि कापडाने पुसून ठेवा.

वाळलेल्या प्रतींवर ठशाच्या खाली पेन्सिलीने लिहायची रीत आहे: डावीकडे प्रतीचा क्रमांक आणि एकूण प्रती, जसं ३/१०, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि साल. फळीत बदल करत असताना काढलेल्या प्रती या मोजणीत धरायच्या नाहीत. त्यांच्यावर 'चाचणी' असं लिहून त्या वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढचा ठसा कोरायला घ्याल तेव्हा त्या काढून ओळीने मांडा. चेहरा कोणत्या फटक्यापर्यंत मुलाचा होता आणि कोणत्या फटक्यानंतर मोठा झाला, ते त्यांच्यावरून नेमकं दाखवता येतं. पहिली प्रत मात्र ज्या मुलांना समोर बसवलं होतं त्यांना द्या, चाचणीची नव्हे, १/१० लिहिलेली.